दरपत्रकाला न दिसलेला ड्रायव्हर

मारुती ८०० साताऱ्याला पासिंग झालेली असेल तर विम्याचा दर ३.०३९ टक्के, पुण्याला झालेली असेल तर ३.१२७ टक्के. २००२ सालच्या मोटार दरपत्रकातले हे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत. सुनेचा मोबाइल नंबर मात्र नाही. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरं ‘अ’ विभागात आणि उरलेला अख्खा देश ‘ब’ विभागात. दोन लाखांच्या गाडीमागे या फरकात वर्षाला पावणेदोनशे रुपये सुटायचे. राहायला कोथरूडमध्ये आणि गाडीची नोंद साताऱ्याच्या मामाच्या पत्त्यावर, असे महाभाग आम्ही विमा कंपनीच्या शाखेत पुष्कळ पाहिले. त्यांना विचारलं तर म्हणत, “गावची गाडी आहे हो, पुण्याला फक्त उभी असते.”

त्या पुस्तकाला गाडीबद्दल सगळं माहीत करून घ्यायचं असायचं. इंजिन किती सीसीचं, गाडी पाच वर्षांच्या आतली की बाहेरची, नोंद कुठली, किंमत किती. पण ती चालवणार कोण, हा प्रश्न हप्ता काढताना येतच नसे. एकोणीस वर्षांचा मोकाट पोरगा चालवणार की निवृत्त हेडमास्तर, संध्याकाळी सातनंतर त्याचा हात सरळ राहतो की नाही, गेल्या तीन वर्षांत त्यानं किती झाडांना धडक दिली, याचा दराशी काडीचा संबंध नव्हता. सीसी तेवढी, हप्ता तेवढा. आता ‘हाय रिस्क ड्रायव्हर’ म्हणून जी जमात विम्याच्या जाहिरातीत आणि बातम्यांत वावरते, ती तेव्हाही रस्त्यावर होतीच, फक्त दरपत्रकात तिला रकाना नव्हता.

थर्ड पार्टी विमा आपल्याकडे सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ पासून. १ जानेवारी १९७३ ला साधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण अमलात आलं आणि १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या; एकीचं मुख्यालय मुंबईत, बाकीच्या कलकत्ता, दिल्ली आणि मद्रासला. चार पाट्या, पण भाव एकच, कारण दर ठरवायची ती टॅरिफ समिती. गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायचं तर दर कमी करून नव्हे, चहा पाजून, लग्नाला जाऊन, आणि रविवारी सकाळी घरी जाऊन कव्हर नोट फाडून. कव्हर नोट म्हणजे कार्बन घालून हातानं लिहिलेला कागद, साठ दिवस चालायचा. त्यावर तारखेबरोबर वेळही लिहावी लागे, आणि ती का लिहावी लागे हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सकाळी खंबाटकी घाटात गाडी कठड्याला घासून दुपारी विमा उतरवायला येणारे लोक फार गोड बोलत. म्हणून मुदत उलटून गेलेली गाडी आली की आमचे साहेब खुर्चीतून उठून खाली जायचे, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचे आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं त्याची छाप घ्यायचे. आता हेच काम गाडीमालक स्वतः मोबाइलवर व्हिडिओ काढून करतो.

त्या काळाची आठवण काढताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दरपत्रकाला ड्रायव्हर दिसत नव्हता, पण शाखेला दिसत होता. कोणाचा मुलगा कसा चालवतो, कोणाच्या ड्रायव्हरला रात्री दिसत नाही, कोण दर दिवाळीला बंपरचा दावा लावून अख्खी गाडी रंगवून घेतो, हे आम्हाला तालुक्यागणिक माहीत असे. फक्त त्या माहितीचा उपयोग शून्य. फार दावे करणाऱ्याला हप्त्यावर जादा आकार लावायची मुभा २००२ च्या दरपत्रकात होती, अगदी दुपटीपर्यंत. पण ती वापरायची कुणावर? त्याच माणसाच्या साखरेच्या गोदामाचा आगीचा विमा आमच्याकडे, त्याच्या भावाच्या पेट्रोल पंपाचा आमच्याकडे. तो फोन करायचा, साहेब हसायचे, आणि जादा आकाराची फाइल कपाटात मागच्या बाजूला सरकायची. परिणामी हेडमास्तरांच्या हप्त्यातून त्या पोरट्याच्या मोडतोडीची भरपाई निघत राहिली. हेडमास्तरांना हे कधी कळलं नाही, त्यामुळे त्यांना वाईटही वाटलं नाही.

नीट चालवणाऱ्याला एकच बक्षीस होतं, नो क्लेम बोनस. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक दावा केला की पुन्हा शून्य. हा तक्ता आजही तसाच आहे. त्याची सूट स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते, थर्ड पार्टीवर नाही; आणि ती गाडीची नसून मालकाची असते, गाडी विकली तरी बोनस त्याच्याजवळ राहतो. लोक हा बोनस जिवापाड जपत. दार चेपलं तर साताऱ्यात पोवई नाक्यापलीकडच्या डेंटिंगवाल्याकडून सहाशे रुपयांत ठोकून घेत, पण क्लेम करत नसत. आणि ज्यांनी क्लेम केलेला असे, ते पुढच्या वर्षी शेजारच्या कंपनीत जाऊन ‘एकही दावा नाही’ म्हणून सही ठोकत. या कंपनीचं त्या कंपनीला कळायला पोस्टानं पत्र जायचं, उत्तर यायला ऊस तुटून जायचा. २००९ मध्ये विम्याच्या माहितीसाठी स्वतंत्र ब्यूरो निघाला, सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी आणि दावे एका ठिकाणी गोळा होऊ लागले आणि ही हातचलाखी हळूहळू बंद पडत गेली.

आमच्या भागातला खरा जोखमीचा गडी मात्र बोनसच्या या खेळात नव्हताच. तो वडाप चालवायचा.

बाहेरच्यांसाठी सांगतो. एसटी चुकली की फाट्यावर उभी असलेली कमांडर, मार्शल नाहीतर ट्रॅक्स, म्हणजे वडाप. आत नऊ जणांची जागा, बसलेले चौदा, मागे पायरीवर तिघे, टपावर कोंबड्या आणि दुधाची किटली. ड्रायव्हर उजव्या दारातून अर्धा बाहेर, कारण त्याच्या सीटवरही एक जण टेकलेला. गाडीची नोंद खासगी, विमाही खासगी. त्या पॉलिसीच्या पाठीमागे बारीक टाइपात छापलेलं असायचं की भाड्यानं वापर केल्यास ही पॉलिसी लागू नाही. पाठीमागचं कुणी वाचत नसे, वडापवाला तर नाहीच. खासगीऐवजी टॅक्सी म्हणून नोंद करायची तर परमिट, बॅज, दरवर्षीचं पासिंग, वाढीव कर आणि वाढीव हप्ता. मोजक्या आसनांच्या भाड्यावर हे परवडत नाही, असा त्याचा हिशेब. तो चुकीचा नव्हता.

मग कोरेगावच्या बाजूला किंवा पाटणच्या वळणावर गाडी उलटायची. सर्व्हेअर दवाखान्यात जबाब घ्यायला जायचा, आणि जीपमधले चौदाच्या चौदा जण एकाच नवऱ्याचे वऱ्हाडी निघायचे. “तुम्ही भाडं दिलं का?” “छे छे, पाव्हणं आहोत.” “लग्न कुणाचं?” इथं उत्तरं वेगवेगळी यायची. कुणी म्हणायचं पुतण्याचं, कुणी म्हणायचं भाचीचं, एखादी म्हातारी खरं बोलून जायची की मी बाजाराला चालले होते. त्या म्हातारीच्या एका वाक्यावर कंपनीचा वकील पुढची पाच-सहा वर्षं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उभा राहायचा. हसू येतं खरं, पण त्या जीपमध्ये माणसं मेलेली असायची, आणि वऱ्हाडी असल्याचं खोटं सांगणारा माणूस आपल्या भावाच्या बायकोला चार पैसे मिळावेत म्हणून सांगत असायचा. कमी हप्त्याची चैन वडापवाल्यानं केली आणि तिची किंमत आतल्यांनी भरली. तो काळ मला प्रिय आहे, पण वडापच्या टपावर चढून त्याचे गोडवे मी गाणार नाही.

न्यायालयांनी यातून एक वाट काढली होती. ड्रायव्हरचं लायसन बोगस निघालं किंवा अटी मोडल्या, तरी रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला त्याचा त्रास नको. कंपनीनं आधी त्याला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. लायसनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात हे सविस्तर मांडलं. वसुलीचा हुकूम घेऊन आमचा माणूस वडापवाल्याच्या दारात गेला की तिथं जप्त करण्यासारखी एक म्हैस असे, आणि ती सासऱ्याच्या नावावर. बॅजचा वाद तर परवापरवापर्यंत चालला. हलक्या वाहनाचं लायसन असलेल्यानं टेम्पो किंवा टॅक्सी चालवली तर कंपन्या दावा अडवत. साडेसात टनांच्या आतलं वाहतुकीचं वाहन त्याच लायसनवर चालवता येतं, हे पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला नक्की केलं. त्याआधी किती पिकअपवाले या एका शिक्क्यापायी बुडाले, ते आठवतात.

ट्रकवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना पॉलिसी हवी असायची आणि ती मिळायची नाही. थर्ड पार्टीचा हप्ता वरून ठरलेला, तोही तुटपुंजा, आणि माणूस दगावला तर भरपाईला १९८८ च्या कायद्यानं मर्यादा ठेवली नव्हती. त्यामुळे नुसती थर्ड पार्टी मागायला आलेला जुना ट्रक म्हणजे घरबसल्या तोटा. कुठलीही कंपनी त्याला सरळ ‘नाही’ म्हणू शकत नसे, म्हणून वळसे घेतले जात. “स्टेशनरी संपली.” “साहेब दौऱ्यावर आहेत.” “सोमवारी या.” हा माणूस सोमवारी यायचा, तेव्हा प्रिंटर बिघडलेला असायचा. शेवटी १ एप्रिल २००७ पासून मालवाहू आणि प्रवासी व्यापारी वाहनांच्या थर्ड पार्टीसाठी सगळ्या कंपन्यांचा एक सामाईक पूल काढला गेला. कुणीही पॉलिसी द्यावी, तोटा सगळ्यांनी वाटून घ्यावा. तोटा वाटून घ्यायचा म्हटल्यावर दावे तपासायची घाई कुणालाच उरली नाही, हे काय सांगायला हवं? पूल ३१ मार्च २०१२ ला बंद झाला, मग नाकारलेल्या जोखमींसाठी दुसरा पूल आला, तोही २०१६ मध्ये मिटला. तोवर थर्ड पार्टीचे दर इतके वाढवले गेले होते की ट्रकवाल्याला खुर्ची मिळू लागली.

१ जानेवारी २००७ ला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले आणि माझं पाठांतर एका रात्रीत रद्दीत गेलं. त्याच मारुतीला एक कंपनी एक भाव सांगू लागली आणि दुसरी त्याच्या निम्मा. गिऱ्हाईक हुशार झालं. पूर्वी “किती भरायचे?” विचारायचा तो आता “किती सोडता?” विचारू लागला. आज मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला की पाचसहा कंपन्यांचे भाव एकाखाली एक उभे राहतात. जिचा मागचा इतिहास स्वच्छ, तिला सूट भरघोस. वारंवार दावे केलेल्या, मुदत संपवून मग आलेल्या, दहा वर्षं उलटलेल्या गाडीला एक तर भाव चढा, नाहीतर नुसतं मौन. स्वतःच्या नुकसानीचा विमा देण्याची सक्ती कंपनीवर नाही. थर्ड पार्टी मात्र तिनं द्यायलाच हवी.

हप्ता वाढला याचं खापर सगळं ड्रायव्हरवर फोडू नये. फियाटचा बंपर लोखंडी होता, पत्रेवाला तो गुडघ्यावर घेऊन सरळ करायचा. आताच्या बंपरमध्ये प्लॅस्टिक, सेन्सर आणि कॅमेरा आहे. सरळ काही होत नाही, बदलावाच लागतो. त्यात प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात, म्हणून घसारा न कापणारी ‘बंपर टू बंपर’ जोडणी घ्यायची. पूर्वी पॉलिसी दोनच जातींची होती, फुल आणि थर्ड पार्टी. आता फुल म्हणावं ती पाचदहा जोडण्यांनी फुलवलेली असते. त्यातली इंजिनाची जोडणी मात्र मी कुणालाही सुचवतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत लोकांनी पाणी ओसरल्यावर एकच गोष्ट केली, किल्ली फिरवली. पुरानं भिजलेल्या गाडीची भरपाई साध्या पॉलिसीत मिळते, पण पाणी शिरलेलं इंजिन सुरू केल्यामुळे ते फुटलं तर ती मालकाची करणी ठरते. वयस्कर, गाडी कमी चालवणाऱ्या मंडळींसाठी २०२२ पासून चालवाल तेवढे भरा अशी सोयही निघाली आहे, आणि मोबाइलमधून तुमचा ब्रेक, वेग, वळण पाहून दर ठरवण्याची परवानगीही कंपन्यांना मिळाली आहे. जो माणूस आमच्या दरपत्रकाला कधी दिसला नाही, तो आता अचानक ब्रेक मारतानासुद्धा दिसू शकतो.

माझा पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याच्या पॉलिसीवर घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याचं नाव आहे. तो तिकडे गेला तेव्हा त्याचा पुण्यातला दहा वर्षांचा अनुभव कुणी विचारात घेतला नाही. नवशिक्या म्हणून हप्ता लावला. (पुण्यातला अनुभव ऐकून वाढवला असता तरी मला नवल वाटलं नसतं.) मुलानं सतराव्या वर्षी लायसन घेतलं त्या वर्षी घरात हप्त्यावरून भांडण झालं. तिथे दारू पिऊन पहिल्यांदा सापडलात तर विमा कंपनीचं सोडाच, राज्य स्वतः वर्षाला हजार डॉलर असा तीन वर्षं अधिभार घेतं. कुणीच विमा देईना अशा ड्रायव्हरांसाठी वेगळी योजना आहे, ती त्यांना कंपन्यांमध्ये वाटून देते, महाग दरानं. पुतण्या म्हणाला, “काका, इथं तुमचं प्रगतिपुस्तक तुमच्या मागे मागे येतं.”

आपल्याकडे मात्र अजून जुना जमाना आहे. थर्ड पार्टीचे दर पूर्वी विमा नियामक ठरवायचा, २०२२ पासून रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवतं, पण ठरतात ते सीसीवरच. २००७ च्या सुमारास १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ८०० रुपये होते, २०२२ च्या दरात ३,४१६ आहेत. सर्वांना तेवढेच, हेडमास्तरांना आणि त्या पोरट्याला, जो आता चाळिशीत आलाय आणि अजून तसाच चालवतो. १५०० सीसीच्या वर ७,८९७. विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदा दंड दोन हजार, पुन्हा सापडला तर चार. या बेरीज-वजाबाकीत आमच्या भागातला माणूस कधी चुकला नाही, म्हणूनच एवढी वाहनं विनाविमा फिरतात.

२०२१ च्या जानेवारीत नियामकाच्या एका गटानं या सगळ्यावर उपाय मांडला होता. वाहतुकीचे नियम मोडण्याला गुण द्यायचे, दारू पिऊन चालवलं तर १००, चुकीच्या जागी गाडी लावली तर १०, आणि त्या गुणांनुसार हप्त्यात वेगळा आकार चढवायचा. सुरुवात दिल्लीपासून. मसुदा वाचून मला बरं वाटलं होतं. आमच्या साहेबांनी कपाटात मागे सरकवलेल्या फाइली निदान कुणाला तरी आठवल्या. अजून तो मसुदा रोजच्या व्यवहारात उतरलेला नाही. एका तरुण एजंटाला त्याबद्दल विचारलं. तो मोबाइलवर एका गाडीची ई-चलनं दाखवू लागला. एक्सप्रेस वेवर वेगाची सहा, सीट बेल्टची दोन, सगळी गाडीच्या नंबरवर आलेली.

“काका, गाडी बाईंच्या नावावर आहे,” तो म्हणाला. “बाईंना लायसनच नाही. चालवतात त्यांचा भाऊ, दोन भाचे आणि एक बदली ड्रायव्हर. हे गुण चढवायचे कुणावर?”

मी म्हणालो, बाईंच्या भावाला विचार.

“विचारलं. तो म्हणतो, मी त्या दिवशी लग्नाला गेलो होतो.”